किलोमीटरला शंभर बैसा

रुवीतला आमचा फ्लॅट, तिसरा मजला.
खिडकीसमोर नुसता कातळ, झाड नावालाही नाही.
गुरुवारी रात्री आठला निनादनं पहिला गिअर टाकला.
चोवीस तास गाडी थांबवायची नाही.
ट्रक पडद्यावरचा, वाळवंट पडद्यावरचं,
पैसे मात्र खरे:
किलोमीटरला शंभर बैसा.
ट्रक उलटला की दहा किलोमीटर वजा,
हा नियम पोरांनीच केला.
वही माझ्याकडे.
वीस वर्षं कंपनीचे हिशेब लिहिले, त्यात हा एक.

डबा फिरवायचा नाही, कुठं जाहीर करायचं नाही,
मंडळाच्या धोपेश्वरकरांनी तीनदा बजावलं.
"परका मुलूख आहे, वहिनी.
ओळखीतल्या ओळखीत काय ते करा
आणि पैसे थेट इस्पितळाच्या बिलात भरा."
चपला घालता घालता म्हणाले,
"पहिल्या दोनशे किलोमीटरला माझं नाव लिहा.
बोलू नका कुठं."

शाहीनूरच्या पायासाठी होतं हे सगळं.
वर्षभर तोच आणायचा पोरांचे बर्गर.
लिफ्ट बंद असली तरी वर यायचा,
दारात उभा, हेल्मेट डोक्यावरच,
काच आतून घामानं धुरकट.
एकदा पोरं म्हणाली, ये, एक डाव खेळ.
"ऑर्डर लेट होगा," म्हणून हसला
आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

म्हणून आज बाहेरचं काही मागवायचं नाही.
मी थालीपिठं लावत होते,
जोएल ती पिझ्झासारखी कापून खात होता.

मध्यरात्रीपर्यंत चार वेळा उलटला ट्रक.
तन्वीरनं एकशे चाळीसनं वळण घेतलं
आणि सगळे आनंदानं ओरडले,
चाळीस किलोमीटर गेले तरी.

पावणेतीनला बेल वाजली.
तळमजल्याचे मुकादमचाचा, दापोलीकडचे.
सत्तावीस वर्षं ट्रेलर चालवला:
निझवा, हैमा, थुमरैत, सलाला.
आता गुडघे गेलेत, झोपही.
आवाज कमी करा म्हणायला आले असतील,
पण पडद्याकडे बघत राहिले.
"पोरांनो, भरलेली गाडी अशी हाकतात?"

मग कंट्रोलर त्यांच्या हातात.
आधी दहा मिनिटं नुसती वायपर चालू-बंद.
मग निघाले. ऐंशी. एक्याऐंशी नाही.
रिकाम्या रस्त्यावर लेन बदलताना सिग्नल.
पोरं हसून लोळली.
"चाचा, कुणाला दाखवताय?"
"मागं कोण असंल, काय सांगावं."

मी तव्याकडे वळले.
मे महिन्यातल्या त्या रात्री
आमचीही एक ऑर्डर होती. आली नव्हती.
तासभर वाट पाहून मी एक तारा दिला होता,
खाली लिहिलंही होतं, अत्यंत बेजबाबदार.
पिशवी आमचीच होती का, कळायला मार्ग होता.
मी विचारलं नाही.

हळूहळू पोरं गप्प झाली.
गालिच्यावर आडवी, डोळे मात्र रस्त्यावर.
चाचा सांगत होते, हैमाच्या अलीकडे
उंट येतो मध्ये, रात्री दिसत नाही,
आधी डोळे चमकतात.
पडद्यावर उंट नव्हता.
तरी सगळे शोधत होते.

अजान झाली तशी त्यांनी ट्रक
रस्त्याच्या पार कडेला घेतला,
चारही दिवे लुकलुकते ठेवले, इंजिन बंद.
"चाचा, थांबायचं नाहीये!"
ते कधीच बेसिनपाशी.
घड्याळ धावत होतं, कंट्रोलर उशीवर,
कुणी हात लावला नाही.
अकरा मिनिटं.
वहीत याला रकाना नव्हता. समासात लिहिलं:
गाडी उभी. दिवे चालू.

शुक्रवारी आठला सगळं संपलं.
बेरीज दोनदा केली,
पायाच्या किमतीला दोनशे दहा रियाल कमी.
निनाद म्हणाला, पुढच्या महिन्यात परत करू,
चाचांना सुरुवातीपासून बसवू.
आणि बसल्या जागी झोपला.

मी फोन काढला. दिलेला तारा
परत घेता येतो का, बघत होते.
खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज झाला.
वरच्या मजल्यावर कुणाचं तरी जेवण.
लिफ्ट सकाळपासून बंद आहे.
मी उठून जिन्यातला दिवा लावला.